सिक्स्थ फॉर्ममध्ये धर्माचं तत्त्वज्ञान: विषय निवडण्यापासून परीक्षेच्या हॉलपर्यंत

दहावी महाराष्ट्रात झाली, आई किंवा बाबांच्या नोकरीमुळे इंग्लंडला आलात आणि आता सिक्स्थ फॉर्मच्या (इथल्या अकरावी-बारावीच्या) विषयांच्या यादीत ‘रिलिजस स्टडीज’ हे नाव दिसतंय. घरात कुणाला वाटतं हा मूल्यशिक्षणाचा तास असेल, कुणाला वाटतं यात बायबल शिकवून परीक्षा घेत असतील. दोन्ही समज चुकीचे आहेत. या विषयाच्या गाभ्याशी धर्माचं तत्त्वज्ञान आहे: देव आहे असं म्हणायला आधार काय, जगात इतकं दुःख असताना त्याला दयाळू कसं म्हणायचं, शरीर गेल्यावर काही उरतं का, आणि देवाबद्दल बोलताना आपले शब्द नक्की कशाला लागू पडतात.

मी दहावीनंतर सोलापूरहून इथे आले, हा विषय ए-लेव्हलला (इथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला) घेतला आणि आता विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकते. नव्याने आलेली मराठी मुलं आणि त्यांचे पालक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे क्रमाने देते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये ‘हायर्स’ची पद्धत वेगळी आहे.

१. रिलिजस स्टडीज घ्यायचं की फिलॉसॉफी, हे आधी ठरवा

सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावी. इथे त्यांना इयर १२ आणि इयर १३ म्हणतात. बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, त्यामुळे प्रत्येक विषयाचं वजन मोठं असतं. धर्माच्या तत्त्वज्ञानापर्यंत दोन रस्ते जातात.

पहिला रस्ता रिलिजस स्टडीजचा. यात धर्माचं तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि एखाद्या धर्माचा सखोल अभ्यास असे साधारण तीन भाग असतात. दुसरा रस्ता एक्यूए बोर्डाच्या ‘फिलॉसॉफी’ या ए-लेव्हलचा. त्यात ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय याचा विचार), नीतिशास्त्र, ईश्वराची तत्त्वमीमांसा (तो मुळात आहे का, कसा आहे याचा विचार) आणि मनाची तत्त्वमीमांसा असे चार भाग आहेत, म्हणजे देवाचा प्रश्न एक चतुर्थांश.

तर्काची मांडणी जवळजवळ गणितासारखी नेटकी करायला आवडत असेल तर फिलॉसॉफी बघा. प्रश्नामागची माणसं, त्यांचा काळ आणि त्यांची श्रद्धाही समजून घ्यायची असेल तर रिलिजस स्टडीज. माझा कल दुसरीकडे आहे. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताचा युक्तिवाद त्याच्या काळापासून तोडून वाचला तर तो अर्धाच कळतो, असं मला वाटतं. अर्थात पुष्कळ शाळांत दोन्हींपैकी एकच विषय असतो आणि मग निवडीचा प्रश्नच उरत नाही.

२. बोर्ड कोणतं ते विचारा आणि स्पेसिफिकेशन छापून घ्या

महाराष्ट्रात ‘बोर्ड’ म्हटलं की एकच डोळ्यांसमोर येतं. इथे एकाच विषयासाठी वेगवेगळी परीक्षा मंडळं असतात आणि शाळा त्यातलं एक निवडते. नवीन मुलांचा सर्वात मोठा घोळ इथेच होतो: इंटरनेटवर सापडलेल्या सुंदर नोट्स महिनाभर वाचतात आणि मग कळतं की त्या दुसऱ्याच बोर्डाच्या होत्या.

ओसीआर या मंडळात दोन-दोन तासांचे तीन पेपर असतात. प्रत्येकात चार प्रश्न येतात, त्यातले तीन लिहायचे आणि प्रत्येकाला ४० मार्क. म्हणजे एका निबंधाला ४० मिनिटं. एक्यूएमध्ये तीन-तीन तासांचे दोन पेपर असतात आणि बहुतेक प्रश्नांचे दोन तुकडे पडतात: १० मार्कांचं स्पष्टीकरण आणि १५ मार्कांचं मूल्यमापन. एडेक्सेलमध्ये चार पेपरांपैकी तीन निवडले जातात, पण ही निवडही सहसा शाळाच करते. एडुकासमध्ये धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र असे तीन भाग आहेत.

बोर्डाच्या संकेतस्थळावरून ‘स्पेसिफिकेशन’ उतरवून छापून घ्या. परीक्षेत काय विचारलं जाऊ शकतं याची ती अधिकृत यादी आहे. ज्या विचारवंताचं नाव तिथे आहे, त्याच्यावर थेट प्रश्न येऊ शकतो. नाव नसेल तर तो उत्तरात वापरता येतो, पण सक्तीचा नाही. पाठ्यपुस्तकापेक्षा ही पानं जास्त वेळा उघडावी लागतात.

एक गोष्ट सगळ्या बोर्डांत सारखी आहे आणि ती नीट मनात ठसवा: या ए-लेव्हलचे ४० टक्के मार्क माहिती आणि आकलनाला आहेत, ६० टक्के विश्लेषण आणि मूल्यमापनाला. ओसीआरच्या ४० मार्कांच्या निबंधात ते १६ आणि २४ असे विभागलेले असतात. दहावीपर्यंत उत्तर पाठ करून जसंच्या तसं उतरवणाऱ्या हुशार मुलांचा पहिल्या टर्ममध्ये गोंधळ उडतो तो यामुळेच. त्यांना सगळं येत असतं आणि मार्क मात्र अर्ध्यावर अडकतात.

३. प्रवेशासाठी काय लागतं

बहुतेक ठिकाणी जीसीएसई (इथली दहावीच्या तोडीची परीक्षा) इंग्रजीत ५ किंवा ६ ग्रेड मागतात. जीसीएसईला रिलिजस स्टडीज केलेलं नसलं तरी पुष्कळ शाळा घेतात, कारण निबंध लिहिता येणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. भारतातून थेट आलेल्यांनी हे जवळ ठेवावं:

– पासपोर्ट आणि इथल्या वास्तव्याच्या परवानगीचा पुरावा
– सध्याच्या पत्त्याचा पुरावा
– दहावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
– इंग्रजीत स्वतः लिहिलेला एखादा निबंध, विषय कोणताही चालेल

शेवटची गोष्ट यादीत कुणी मागत नाही, पण प्रवेशाच्या भेटीत तो निबंध पुढे केला तर बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. काही कॉलेजं भारतीय गुणपत्रिकेसाठी यूके एनिक या परदेशी पात्रतांची तुलना करणाऱ्या संस्थेचं तुलनापत्र मागतात. त्याला पैसे पडतात, म्हणून ते हवंच आहे का हे आधी विचारा.

आणखी एक सापळा. इंग्रजी आणि गणितात जीसीएसईचा ४ ग्रेड किंवा त्याच्या तोडीचं काही नसेल तर ते विषय ए-लेव्हलसोबत शिकत राहावे लागतात. तुमचे एसएससीचे मार्क त्या तोडीचे धरणार का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी ‘काळजी करू नका’ यावर सप्टेंबरपर्यंत थांबू नका.

४. घरच्यांशी आधीच बोला

मराठी घरांत दोन भीती असतात. पहिली, ‘याचा उपयोग काय?’ त्याचं उत्तर सरळ आहे: कायदा, इतिहास, राज्यशास्त्र, पत्रकारिता, तत्त्वज्ञान यांकडे जाणाऱ्यांना हा विषय चांगला उपयोगी पडतो, आणि यूकॅस या विद्यापीठ-प्रवेश संस्थेच्या गुणांत त्याची किंमत इतर कोणत्याही ए-लेव्हलइतकीच आहे: ए स्टारला ५६, ए ला ४८, बी ला ४०. ज्यांना अभियांत्रिकीकडे जायचंय त्यांना गणित आणि भौतिकशास्त्रासोबत तिसरा विषय म्हणून तो घेता येतो, पण हव्या त्या अभ्यासक्रमाच्या अटी आधी वाचाव्यात.

दुसरी भीती जास्त खोल असते आणि ती सहसा आजी बोलून दाखवते: पोरगं नास्तिक होईल, किंवा ख्रिस्ती होईल. तिला सांगा की परीक्षेत तुमची श्रद्धा कुणी विचारत नाही. वर्गात नियमित चर्चला जाणारी मुलं असतात, नमाज पढणारी असतात, कशावरच विश्वास नसलेली असतात, आणि मार्क सगळ्यांना युक्तिवादावरच मिळतात. शिवाय देवाला प्रश्न विचारणं आपल्याला नवं नाही. तुकोबांनी विठ्ठलाशी किती कडाक्याचं भांडण केलंय ते आजीलाच तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. डॉ. आंबेडकरांनी तर ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ या लिखाणात धर्माची पारख न्याय आणि उपयुक्तता या कसोट्यांवर करायची असं स्पष्ट मांडलं. धर्म तपासणं म्हणजे त्याचा अपमान करणं, असं यांपैकी कुणालाही वाटलं नाही.

५. पहिल्या महिन्यात ग्रीकांवर वेळ घाला

ओसीआरचा अभ्यासक्रम प्लेटो आणि ॲरिस्टॉटलपासून सुरू होतो. मुलांना वाटतं ही नुसती प्रस्तावना आहे, आणि ती घाईने उरकतात. तसं करू नका. प्लेटोचं आकारांचं जग (दिसणाऱ्या वस्तूंमागची न बदलणारी मूळ रूपं) समजलं नाही तर पुढे आत्मा आणि शरीराचा धडा हवेत राहतो. ॲरिस्टॉटलची चार कारणं (वस्तू कशाची, कोणत्या रूपाची, कुणामुळे आणि कशासाठी) समजली नाहीत तर पुढच्या भागात येणारा अक्वायनस समजत नाही. ॲरिस्टॉटलचा आदिचालक, म्हणजे सगळ्या हालचालीचं मूळ, जगाला ढकलत नाही. सगळं त्याच्या ओढीने हलतं. हा फरक पक्का झाला की पुढचं निम्मं कोडं सुटतं.

संज्ञांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, मध्ये तुमच्या शब्दांत मराठी अर्थ, उजवीकडे ती वापरणाऱ्या विचारवंताचं नाव. विचार मराठीत करायला हरकत नाही, मी अजूनही करते. पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा आहे, म्हणून संज्ञा त्याच भाषेत हाताशी हव्यात.

६. युक्तिवाद ओळींमध्ये उतरवायला शिका

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. कोणताही युक्तिवाद वाचला की तो क्रमांक घालून ओळींमध्ये मांडायचा आणि मग कोणती ओळ कच्ची आहे ते शोधायचं. थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या धर्मपंडिताने देवाकडे जाणाऱ्या पाच वाटा मांडल्या. त्यातली तिसरी माझ्या वहीत अशी उतरली होती:

(१) जगातल्या वस्तू अशा आहेत की त्या असू शकतात आणि नसूही शकतात.
(२) जे नसू शकतं, ते कधीतरी नसतंच.
(३) सगळंच असं असेल, तर कधीतरी काहीच नव्हतं.
(४) काहीच नसेल तर त्यातून काही निर्माण होणार नाही, म्हणजे आजही काही नसतं.
(५) पण आज जग आहे. म्हणजे सगळंच असं नाही. ज्याचं असणं अटळ आहे असं काहीतरी आहे.

पुढे तो आणखी एक पायरी चढतो: अटळ गोष्टींपैकी काहींचं अटळपण दुसऱ्याकडून आलेलं असेल, पण ही साखळी अनंत मागे नेता येत नाही, म्हणून स्वतःहूनच अटळ असलेलं काही मानावं लागतं, आणि त्यालाच सगळे देव म्हणतात.

आता एकेक ओळ हलवून बघा. तिसरी ओळ डळमळते. गावातला प्रत्येक माणूस वर्षातून कधी ना कधी परगावी जातो, म्हणून एखाद्या दिवशी अख्खं गाव रिकामं पडतं असं ठरत नाही. एक वस्तू संपण्याआधी दुसरी सुरू झालेली असू शकते. पण इथेच थांबू नका. अक्वायनसच्या बाजूने कुणी काय म्हणेल? १९४८ साली बीबीसी रेडिओवर फ्रेडरिक कॉपलस्टन या जेझुइट पाद्रींचा बर्ट्रांड रसेलशी वाद झाला. कॉपलस्टननी तिसऱ्या ओळीचा आधारच घेतला नाही. त्यांचं म्हणणं असं, की काळाचं सोडा, अवलंबून असलेल्या गोष्टींचा ढीग कितीही मोठा केला तरी तो स्वतःचं कारण देऊ शकत नाही. रसेलचं उत्तर: जग आहे, बस्स, संपूर्ण जगाचं कारण मागणं हाच चुकीचा प्रश्न आहे. आता तुम्हाला ठरवायचंय की ‘संपूर्ण जग असं का आहे’ हा प्रश्न विचारण्याजोगा आहे का. तुमचं उत्तर काहीही असो, त्याला कारण द्या. ६० टक्के मार्क इथून येतात.

काही ठरावीक चुका परीक्षकांना वर्षानुवर्षं दिसतात, त्या टाळा:

– ‘ह्यूमने पेलीला उत्तर दिलं’ असं लिहू नका. ह्यूम हा तत्त्वज्ञ १७७६ मध्ये वारला, त्याचे धर्मविषयक संवाद १७७९ मध्ये छापले गेले आणि पेली या पाद्रीचा घड्याळाचा दाखला (घड्याळाला जसा घडवणारा, तसा जगालाही) असलेलं पुस्तक १८०२ चं आहे. ह्यूमचे आक्षेप पेलीला लागू होतात, एवढंच म्हणा.
– ‘अक्वायनस म्हणतो की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, मग देवाला का नाही?’ तो असं म्हणत नाही. कोणतीही गोष्ट स्वतःचंच कारण असू शकत नाही, असं तो म्हणतो.
– अक्वायनसने जगाला सुरुवात होती हे तर्काने सिद्ध केलं, असंही लिहू नका. ते निव्वळ तर्काने सिद्ध होत नाही, श्रद्धेने मानावं लागतं, हे त्याचंच मत आहे.
– आयरेनियस आणि जॉन हिक यांना एकच समजू नका. आयरेनियस हा दुसऱ्या शतकातला बिशप, हिक हा विसाव्या शतकातला तत्त्वज्ञ आणि त्याची मांडणी १९६६ ची.

अकराव्या शतकातल्या अन्सेल्मचा सत्तामूलक युक्तिवादही (देवाच्या कल्पनेतूनच त्याचं असणं दाखवणारा) असाच ओळीत मांडा. देव म्हणजे ज्याच्यापेक्षा श्रेष्ठ काही कल्पिताच येत नाही, असा. प्रत्यक्षात असणं हे नुसतं मनात असण्यापेक्षा श्रेष्ठ. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. पहिल्यांदा वाचल्यावर ही हातचलाखी वाटते. पण गॉनिलो या भिक्षूचं परिपूर्ण बेट (याच तर्काने तेही प्रत्यक्षात असायला हवं, हा त्याचा टोला) आणि अस्तित्व हा गुणधर्म नाही हे कांटचं म्हणणं वाचल्यावरही नक्की चूक कुठे आहे ते बोट ठेवून सांगायला गेलात, की कळतं हा युक्तिवाद नऊशे वर्षं का टिकलाय.

७. दुःखाचा प्रश्न पूर्ण धरा

सगळे विषय सारख्या खोलीने होत नाहीत. एक विषय तरी तळापर्यंत न्या, आणि तो दुःखाचा असू द्या, कारण बाकीचे बरेच धागे त्याला येऊन मिळतात.

प्रश्न दोन रूपांत येतो. तार्किक रूप जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये धारदार केलं: देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण चांगला आहे आणि वाईट अस्तित्वात आहे, ही तीन विधानं एकत्र उभी राहत नाहीत. पुराव्याचं रूप विल्यम रो याने १९७९ मध्ये मांडलं. वणव्यात भाजून कुणालाही न कळता तडफडत मेलेल्या हरणाच्या पाडसाचं दुःख कशासाठी? असं दुःख देवाचं अस्तित्व अशक्य ठरवत नाही, पण त्याची शक्यता कमी करतं. निबंधाचा प्रश्न कोणत्या रूपाबद्दल आहे हे न ओळखता लिहिलेली उत्तरं भरकटतात.

ऑगस्टीन म्हणतो की वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्याची उणीव आहे. देवाने जग चांगलं घडवलं. देवदूत आणि आदम-हव्वा यांच्या स्वेच्छेच्या पतनातून ही उणीव आली आणि आपण सगळे आदमच्या बीजात असल्याने त्या दोषाचे वारस आहोत. हिक वेगळ्या दिशेने जातो: माणूस अपूर्ण घडवला गेला आणि अडचणींतून त्याचा आत्मा घडतो. देव जाणूनबुजून ज्ञानाचं अंतर राखतो, म्हणजे आपलं असणं पूर्ण उघड करत नाही, नाहीतर आपली निवड खरी राहणार नाही. आणि या आयुष्यात ज्यांचं घडणं अपुरं राहिलं, त्यांचं मृत्यूनंतर पुरं होतं, अखेर सगळेच तरतात.

आता मूल्यमापन. ‘हिकचं म्हणणं पटत नाही कारण जगात फार दुःख आहे’ हे विधान मार्क आणत नाही. असं पुढे जा: दुःख घडवतं हे मान्य केलं तरी जे मूल तान्हेपणीच आजारात गेलं, त्याचं काय घडलं? हिक म्हणेल, पुढच्या आयुष्यात घडेल. पण घडणं दुःखाशिवाय, मृत्यूनंतर होऊ शकत असेल, तर इथल्या दुःखाची गरज काय होती? आणि ते दुःख इतरांच्या मनात करुणा जागवण्यासाठी होतं म्हटलं, तर ते मूल दुसऱ्याच्या उन्नतीचं साधन ठरलं. डी. झेड. फिलिप्स या तत्त्वज्ञाचा आक्षेप नेमका याच जागेवर आहे. आता हिकच्या बाजूने शेवटचं काय म्हणता येईल ते लिहा आणि निवाडा करा. एक मुद्दा, त्यावर उत्तर, उत्तरावर उत्तर. तीन वरवरच्या मुद्द्यांपेक्षा असा एक मुद्दा भारी पडतो.

८. निबंध लिहायची रीत

पहिल्या परिच्छेदातच तुमचं मत सांगा. आपल्याकडे ‘या विषयावर अनेक मतमतांतरे आहेत’ अशी सुरुवात करायची सवय असते, ती सोडा. ‘मी असा युक्तिवाद करणार आहे की…’ असं लिहिलं की परीक्षकाला वाट दिसते.

मग प्रश्नाचे शब्द. ‘धार्मिक अनुभव देव सिद्ध करतो का’ आणि ‘धार्मिक अनुभवांना मानसशास्त्रीय स्पष्टीकरण पुरेसं आहे का’ हे दोन वेगळे निबंध आहेत, जरी दोन्हीत विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली अशा अनुभवांची चार लक्षणं येत असली तरी. धडा आठवला म्हणून सगळा धडा ओतायचा नाही.

प्रत्येक परिच्छेदात माहिती आणि परीक्षण एकत्र विणा. आधी दोन पानं माहिती आणि शेवटी घाईत एक परिच्छेद ‘टीका’, ही रचना २४ मार्कांच्या भागाला उपाशी ठेवते. शेवटी ‘दोन्ही बाजूंना तथ्य आहे’ म्हणून थांबू नका. संयत निवाडा चालतो, पळवाट चालत नाही. ‘तार्किक आक्षेपाला हिक उत्तर देतो, पण पुराव्याच्या आक्षेपापुढे तो कमी पडतो’ हा चांगला निवाडा आहे.

विचारवंतांची नावं पेरल्याने मार्क वाढत नाहीत. एक नाव, त्याचं कारण, त्याची कमजोरी, एवढं पुरेसं. अवतरणं लांबलचक पाठ करायची गरज नाही. दोन-चार शब्दांची नेमकी ओळ पुरते.

इयर १२ च्या ख्रिसमसपासून आठवड्याला एक निबंध घड्याळ लावून, हाताने लिहा. इथे गृहपाठ बराचसा लॅपटॉपवर होतो आणि मग मे महिन्यात हात दुखतो. लिहिलेलं सर किंवा मिसना दाखवा आणि मार्क किती हे विचारण्याऐवजी कोणतं वाक्य मुद्दा पुढे नेत नाही ते विचारा. शिक्षकाला वर्गात अडवणं इथे उद्धटपणा समजत नाहीत. ‘सर, मला हे पटत नाही, कारण…’ असं म्हणायला पहिल्या महिन्यात जड जातं. तरी म्हणा. वर्गात बोलून बघितलेला आक्षेपच कागदावर नीट उतरतो.

९. आपली परंपरा उत्तरात आणायची तर नीट आणा

हिंदू धर्माचा पर्याय ओसीआर, एक्यूए यांसारख्या बोर्डांत आहे, पण बहुतेक शाळा ख्रिस्ती धर्माचा पेपर घेतात. म्हणून मराठी मुलांना वाटतं की घरून आणलेलं काही कामाचं नाही. ते कामाचं आहे, पण अटीसह: ते प्रश्नाला भिडलं पाहिजे.

उदाहरण देते. देव विषमता आणि क्रौर्याचा दोषी ठरतो का, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायात थेट आलाय (२.१.३४). शंकराचार्य भाष्यात म्हणतात की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या पिकांना सारखाच, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियाण्यामुळे. तसा जीवांमधला फरक त्यांच्या कर्मामुळे. ऑगस्टीनच्या निबंधात हे असं वापरता येतं: दुसऱ्याच्या पापाची शिक्षा मला का, हा आक्षेप ऑगस्टीनवर बसतो, कर्मसिद्धांतावर बसत नाही, कारण तिथे फळ स्वतःच्याच कृतीचं असतं. मग कर्मसिद्धांतावर वेगळा आक्षेप येतो: पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आलं? पुढचंच सूत्र त्याला उत्तर देतं की संसार अनादि आहे. एवढ्या तीन-चार वाक्यांनी तुमचं ऑगस्टीनचं परीक्षण धारदार होतं. याच्या पुढे वेदान्त समजावत बसलात तर मात्र प्रश्न हातातून सुटतो.

वरवरची साम्यं टाळा. प्लेटोच्या रथाचं वर्णन वाचून कठोपनिषद आठवतंच. पण प्लेटोच्या रथात सारथी हा आत्म्याचाच वरचा भाग आहे; कठोपनिषदात बुद्धी सारथी आहे आणि आत्मा रथात बसलेला स्वामी, त्या दोघांहून वेगळा. ‘आपल्याकडेही हेच सांगितलंय’ असं लिहून टाकलं तर साम्य दिसतं आणि विचार हरवतो. फरकावर बोट ठेवाल तर परीक्षकालाही नवं वाचायला मिळतं.

१०. काय वाचायचं, काय ऐकायचं

पाठ्यपुस्तक एकच घ्या, तुमच्या बोर्डाचं. जुनं चालेल, फक्त २०१६ नंतरच्या अभ्यासक्रमाचं आहे ना ते बघा. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड फुकट मिळतं आणि नसलेलं पुस्तक ते मागवूनही देतात. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश इंटरनेटवर मोफत आहे. लेख अवघड असतात, पहिली दोन पानं वाचून थांबलात तरी चालेल. बीबीसी रेडिओ ४ च्या ‘इन अवर टाइम’चे तत्त्वज्ञानावरचे भाग बसमध्ये ऐकण्यासारखे आहेत. मूळ ग्रंथांतली निदान दोन-तीन पानं स्वतः वाचा: अक्वायनसच्या पाच वाटा एवढ्या छोट्या आहेत की एका बैठकीत होतात.

आणि बोर्डाच्या संकेतस्थळावरचे परीक्षकांचे अहवाल. जुन्या प्रश्नपत्रिका सगळे सोडवतात, अहवाल फार थोडी मुलं उघडतात. मुलं कुठे घसरली आणि चांगल्या उत्तरांनी काय केलं, हे तिथे साध्या भाषेत असतं.

११. परीक्षा, अर्ज आणि निकाल

परीक्षा इयर १३ च्या शेवटी, मे-जूनमध्ये, दोन वर्षांच्या पूर्ण अभ्यासक्रमावर होते. म्हणून इयर १२ च्या नोट्स फेकू नका. प्रत्येक विषयाचं एका पानावर टिपण करा: मधे प्रश्न, चारही बाजूंना युक्तिवाद आणि आक्षेप बाणांनी जोडलेले. ओसीआरवाल्यांनी चारातले तीन प्रश्न लिहायचे असतात म्हणून विषय गाळायचा मोह होतो. एकापेक्षा जास्त विषय गाळणं धोक्याचं आहे.

हॉलमध्ये पहिली पाच मिनिटं प्रश्न निवडायला द्या. तिसऱ्या निबंधाला पंधरा मिनिटंच उरणं ही मार्क घालवण्याची सगळ्यात खात्रीची रीत आहे, म्हणून एका निबंधाला ३८ मिनिटं झाली की वाक्य पुरं करून पुढे सरका. काळं पेन वापरा, आणि दोन जास्तीची जवळ ठेवा.

विद्यापीठात तत्त्वज्ञान किंवा धर्मशास्त्र घ्यायचं असेल तर ऑक्सफर्ड-केंब्रिजचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जायला लागतो, म्हणजे इयर १२ ची उन्हाळी सुट्टी तयारीची. एक्सटेंडेड प्रोजेक्ट घेता येत असेल तर घ्या: पाच हजार शब्दांचा स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा प्रबंध, किंमत अर्ध्या ए-लेव्हलइतकी. ब्रह्मसूत्रं आणि ऑगस्टीन यांची तुलना पेपरात चार वाक्यांत उरकावी लागते, इथे ती ऐसपैस करता येते.

निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. मार्क अपेक्षेपेक्षा फार कमी आले तर त्याच दिवशी शाळेत जाऊन तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवा, ती वाचून मगच फेरतपासणीचं ठरवा. फेरतपासणीत मार्क कमीही होऊ शकतात, आणि विद्यापीठातली जागा त्या निकालावर अडून असेल तर तातडीच्या फेरतपासणीची मुदत फार थोडी असते, म्हणून त्या आठवड्यात गावी जायचं तिकीट काढू नका.